अमरावतीत बंदी असलेला पत्ता

नोकरीत कितीतरी प्रकरणे हाताखालून गेली. बहुतेकांचे चेहरेही आता आठवत नाहीत. पण अमरावतीतल्या एका कोचिंग क्लासच्या माडीवर पडलेली पत्त्यांची धाड मात्र काल झाल्यासारखी डोळ्यांपुढे आहे. कुणाचेही नाव मी इथे लिहिणार नाही. ती सगळी माणसे आपापल्या जागी सुखात आहेत आणि तशीच राहावीत.

मी शाळेत चौथीपर्यंतच गेले. पुढच्या परीक्षा लग्नानंतर घरी अभ्यास करून बाहेरून दिल्या, पोलिसात लागले आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. चारचौघांत बोलायला मी फार बुजायचे. ठाणेदारांनी ते ओळखले होते. बंदोबस्तापेक्षा टेबलाची कामे ते मला जास्त देत. त्यातले मोठे काम चारित्र्य पडताळणीचे. सरकारी नोकरीला निवड झालेल्या मुलावर कुठे गुन्हा दाखल आहे का, हे तो जिथे राहतो त्या ठाण्याला विचारतात. आम्ही शेरा लिहायचा. 'गुन्हा नोंद नाही' असा शेरा गेला की मुलगा रुजू होतो. काही दाखल असेल तर त्याचे पुढे काय होईल सांगता येत नाही. पोलीस भरतीत तर फारच कठीण.

एका रविवारी दुपारी ठाण्यात फोन वाजला. त्या क्लासच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या एक काकू होत्या.

"मॅडम, आमच्या डोक्यावर दर रविवारी पोट्टे पत्ते कुटून राहिले. भाड्याची खोली क्लासासाठी देल्ली होती, अड्ड्यासाठी नाई."

मी विचारले, "पैसे लावतात का, काकू?"

"लावत नसन तं वरडतात काहून? 'आठ गेले', 'बारा उरले', 'मेलास, संपलास'! आज एक जण म्हणे, 'माया एका पत्त्याची किंमत अठरा हजार हाय.' आता सांगा, अठरा हजाराचा कोन्ता पत्ता असते? एक्का बी येवढा महाग नसते बाप्पा."

खबर वहीत लिहिली. ड्युटीवर नवे फौजदार होते, नुकतेच प्रशिक्षण संपवून आलेले, कामाचा हुरूप दांडगा. त्यांनी लगेच दोन पंच बोलावले, गाडी काढली. महिला कर्मचारी म्हणून मलाही सोबत घेतले.

जिना चढून वर गेलो. दार उघडेच होते. चार बाके जोडून मोठे टेबल केले होते. भोवती पाच-सहा माणसे. कुणी विशीतले, एक चांगला चाळिशीचा. टेबलभर पत्ते. पण ते आपले नेहमीचे पत्ते नव्हते. एकेका पत्त्यावर रंगीत चित्र होते, कुठे राक्षस, कुठे पंखांचा घोडा, कुठे पेटलेला किल्ला. प्रत्येक पत्ता प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला. बाजूला फासे पडलेले, आणि तेही सहा बाजूंचे नव्हेत, कितीतरी बाजूंचे. आणि टेबलाच्या मधोमध पाचशेच्या नोटांची थप्पी. थप्पीला टेकून एक जाड पारदर्शक डबी, तिच्यात एकच पत्ता.

फौजदारांचे डोळे चमकले. पत्ते, फासे, रोख. आणखी काय हवे?

"कोणी हलायचं नाही. हे पैसे कुणाचे?"

कुणी बोलेना.

जुगाराच्या धाडीत हे नेहमीचेच. फडावरची रोख कधीच कुणाची नसते. खिशात असते तोवर माझे, खाली ठेवले की परक्याचे. पंचनाम्यात आम्ही अंगझडतीतली रोख वेगळी लिहितो आणि फडावरची वेगळी, आणि फडावरच्या रोखीपुढे नाव नसले की जुगार झाला असे गृहीत धरतो. मीही तेच धरले.

चाळिशीच्या माणसाला फौजदारांनी थेट विचारले, कारण थप्पी त्याच्या हातापाशी होती. तो म्हणाला, "माझे नाहीत, साहेब. मी नुसता बघायला आलो होतो. मी अकोल्याचा आहे."

त्याच्या समोर बसलेल्या पोराने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिले. सडपातळ, कानशिलावर बारीक कापलेले केस, पाठ ताठ. भरतीचे मैदान मारणारी पोरे अशीच बसतात. त्याने काही म्हणायला तोंड उघडले आणि परत मिटले.

"तुझे का रे पैसे?" फौजदारांनी त्याला विचारले.

तो गप्प.

"नाव सांग."

नाव आणि गाव त्याने सांगितले. दर्यापूर तालुका. त्यापुढे एक शब्द नाही. बाकीचे 'खेळ आहे साहेब, साधा खेळ आहे' म्हणून काकुळतीला आले होते. हा एकटा दगडासारखा. फौजदार मला हळूच म्हणाले, "ताई, हाच चालवतो अड्डा. सराईत आहे."

 ते नाव मी आठवड्यापूर्वीच वाचले होते. अकोला जिल्ह्याच्या पोलीस भरतीत निवड झालेला मुलगा, शिकायला चार वर्षे अमरावतीत खोली करून राहिलेला. त्याच्या पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर शेऱ्याची वाट बघत होता.

ठाण्यात आल्यावर ठाणेदारांनी सगळा मुद्देमाल टेबलावर मांडायला लावला. चष्मा चढवून एक एक पत्ता उलटसुलट केला.

"बावन्न पत्ते आणले असते तर मी आत्ता गुन्हा दाखल केला असता. हे काय उचलून आणलं? राक्षस, परी, डुक्कर… याच्यात बादशाह कोन्ता?"

"साहेब, फासेही आहेत," फौजदार म्हणाले.

"फासे तर दिसून राहिले मले. पण कोर्टात उद्या वकिलानं विचारलं, हा खेळ कसा खेळतात, तर तुम्ही काय सांगाल? कौशल्याच्या खेळाला कायद्यात सवलत आहे. पैज लागली असं दाखवावं लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, तुम्ही चौकशी करा. स्टेशन डायरीला नोंद घ्या, सगळ्यांना नोटीस देऊन आज सोडा. पण उद्या संध्याकाळपर्यंत मले सांगा, जुगार होता का नव्हता. त्याहून जास्त मी थांबू शकत नाही. खालच्या काकू रोज फोन करतील."

त्या पोराला मी थांबवून घेतले. माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसवले. मला विचारपूस करायची म्हणजे संकटच. ओरडता येत नाही, दम देता येत नाही. मी चहा मागवला आणि गप्प बसले.  चहा आला, दोघांनी प्यायला. कप खाली ठेवताना तोच म्हणाला,

"मॅडम, माई पडताळणी याच ठाण्यात हाय का?"

"हो. माझ्याकडेच आहे."

त्याने डोळे मिटून घेतले.

"मग बोलत का नाहीस? पैसे कुणाचे होते?"

"आमच्या भरती अकॅडमीतल्या सरांनी सांगतलं होतं. पोलिसांसमोर तोंड उघडायचं नाई. जे बोलशीन ते कागदावर येते, अन् कागदावर आलं का नोकरी गेली."

मला हसू आले आणि वाईटही वाटले. पोलीस व्हायला निघालेल्या पोराला पोलिसांपासून जपून राहायचे शिकवले होते.

"तू बोलला नाहीस तरी कागद होणारच आहे," मी म्हणाले. "फक्त त्यावर तुझं म्हणणं नसेल."

बऱ्याच वेळाने त्याने सांगितले. तो डबीतला पत्ता त्याचा होता. शिकत असताना एकदा दुकानातून अशा पत्त्यांचे बंद पाकीट घेतले, त्यात तो निघाला. आता प्रशिक्षणाला जायचे तर ट्रंक, बूट, अंथरूण, सगळे सोबत न्यायचे असते. बापाला मागायचे नव्हते म्हणून पत्ता विकायला काढला. टेबलापाशी होते ते अकोल्याचे भाऊ घेणार होते. पैसे त्यांनी मोजून टेबलावर ठेवले आणि तेवढ्यात आम्ही दारात.

"मोबाईलवर बोलणं झालं असेल ना व्यवहाराचं? दाखव."

त्याने मान खाली घातली. "गाडीत बसल्यावर सगळं पुसून टाकलं, मॅडम. मले वाटलं, पैशाची गोष्ट दिसली तं अजून फसीन."

फौजदार दाराशी उभे राहून ऐकत होते. ते म्हणाले, "ताई, कहाणी चांगली आहे. पण पत्ताच पैजेवर लावला असेल तर? एकाचा पत्ता, दुसऱ्याची रोख. जिंकेल त्याने दोन्ही उचलायचं. यालाच जुगार म्हणतात."

त्यांचे चुकत नव्हते. मीही त्यांच्या जागी तेच म्हटले असते.

सोमवारी सकाळी ठाण्याच्या पायरीवर पोराचा बाप बसलेला होता. पहिल्या गाडीने दर्यापूरहून आला होता. धान्याच्या मोंढ्यात हमाली करणारा माणूस, पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा.

"जय भीम, मॅडम," तो उठून म्हणाला. "माया घरात बिडी नाई, तंबाखू नाई. अन् पोट्टा पत्त्यात सापडला, असं गावात झालं हाय."

मी त्याला आत बसायला सांगितले. तो बसला नाही.

"मी काई माफी मागायले नाई आलो. खरं असन तं लिहा. माया पोराचं हाय म्हणून सोडू नका. पण खोटं असन, तं नका लिहू. येवढंच."

 मी फक्त मान हलवली.

मग मी त्या टेबलावर खेळणाऱ्या क्लासच्या सरांना आणि त्यांच्या दोन खेळगड्यांना बोलावले आणि म्हटले, "मला खेळून दाखवा."

ठाण्यातल्या लाकडी बाकावर त्यांनी मांडामांड केली. पाच मिनिटांत हवालदार, शिपाई, वायरलेसवाला, सगळे भोवती जमले. "ताईंनी ठाण्यातच फड लावला," असे फौजदार म्हणाले तेव्हा हसण्याचा गलका झाला. एका हवालदाराने विचारले, "सर, याच्यात रम्मी कशी लागते?" सर बिचारे घामाघूम. पण शिकवायची सवय होती, हळूहळू रंगात आले.

प्रत्येकाची स्वतःची गड्डी असते. ती तो घरी जमवून आणतो. दोघांनाही सुरुवातीला ठरावीक गुण, ते मारून कमी करायचे. 'आठ गेले, बारा उरले' म्हणजे हेच. त्या अनेक बाजूंच्या फाशांवर उरलेले गुण मांडून ठेवायचे, बाकी त्यांचे काही काम नाही.

"पण मग ज्याच्याकडे महागडे पत्ते, तोच जिंकणार ना?" मी विचारले.

"तीच तर अडचण असते, मॅडम. म्हणून आम्ही गड्ड्यांना ताकद ठरवतो. एक ते दहा. आमच्या टेबलावर सहाच्या वरची गड्डी चालत नाही. नाहीतर नवा पोट्टा येईल, दोन रविवार मार खाईल आणि तिसऱ्या रविवारी येणारच नाही."

हे मला लगेच पटले. माझ्या माहेरी गावात कबड्डीचे सामने भरत. वजनाचे गट असायचे. तराजू आणून एकेक खेळाडू तोलत. मोठ्या अंगाचा गडी हलक्या गटात घुसवला तर सामना होतच नाही, नुसती मारामारी होते. आमच्या गावात एकदा तशी झालीही होती.

"आणि किंमत? ताकद जास्त तर किंमत जास्त?"

"तसं नाही, मॅडम. बघा, हा पत्ता." सरांनी एक साधासा पत्ता पुढे केला. "आमच्यात याच्यासारखा कामाचा दुसरा नाही. वीस रुपये. आणि काही पत्ते हजारांचे, पण आमच्यात कवडीच्या कामाचे नाहीत. किंमत कशावर ठरते, तर तो कुठे खेळता येतो यावर. मोठ्या सामन्यात बंदी आली की काल पाच हजारांचा पत्ता आज पाचशेलाही कुणी विचारत नाही. बंदी उठली की परत वर."

"म्हणजे सोयाबीनसारखंच की," हवालदार म्हणाले. "मोंढ्यात भाव निराळा, गावात निराळा."

मी कपाटातून ती डबी काढली आणि बाकावर ठेवली. "आता हा पत्ता घेऊन खेळा."

तिघेही एकदम हसले. आदल्या दिवसापासून कोमेजलेली माणसे, पहिल्यांदा मोकळी हसली.

"हा इथे चालत नाही, मॅडम."

"काहून?"

"अमरावतीत बंदी आहे याला. म्हणजे आमच्या टेबलावर. हा पडला की समोरच्यानं चप्पल घालून घरी जायचं. एकदा यानंच, म्हणजे दर्यापूरवाल्यानं, लावला होता. सगळे चिडले. तेव्हापासून सगळ्यांनी मिळून बंदी घातली. त्याला विचारा, किती वाईट वाटलं होतं त्याला."

"मग कुठे चालतो?"

"अकोल्यात. तिथली मंडळी जुन्या पत्त्यांचे सामने खेळतात. त्यात सगळं चालतं, ताकदीला मर्यादा नाही. म्हणून तर भाव अकोल्यातूनच येतो."

मी डबीकडे बघत राहिले. ज्या टेबलावर हा पत्ता कुणी खेळू देत नाही, तिथे तो आणायचे कारण काय? खेळायला आणला नव्हता, हे नक्की. फौजदारांकडे पाहिले. तेही विचारात पडले होते. मग म्हणाले, "ठीक आहे ताई, खेळायला नव्हता. पण पैजेसाठी नव्हता असं कुठे सिद्ध होतं? ते फक्त तो अकोलेवालाच सांगू शकतो."

खरे होते. मी डायरीला रवानगीची नोंद केली, वर्दीची साडी बदलून साध्या कपड्यांत निघाले आणि अकोल्याची एसटी धरली.

अकोल्याचा तो गृहस्थ एका सरकारी कचेरीत नोकरीला होता. मला पाहून पांढराफटक पडला. साहेबाच्या नजरेस पडू नये म्हणून मला घाईघाईने मागच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेला.

"मॅडम, मी सांगितलं ना तेव्हाच. मी बघायला आलो होतो. पैसे माझे नाहीत. माझं नाव कशात आलं तर इथे खातेनिहाय चौकशी लागेल. घरी बायकोला माहीत नाही मी पत्ते जमवतो ते. तिला वाटते मी रविवारी रक्तदान शिबिराला जातो."

"दर रविवारी रक्तदान?" माझ्या तोंडून निघून गेले.

तोही ओशाळून हसला. "आधी आधी खरंच गेलो होतो."

दम देणे मला जमणारे नव्हते आणि उपयोगही नव्हता. आधीच घाबरलेल्या माणसाला अजून घाबरवले तर तो आणखी घट्ट नाही म्हणतो. खरे म्हणजे मला आता वेगळेच कुतूहल वाटत होते. मी विचारले, "भाऊ, त्या डबीतल्या पत्त्यात असं काय आहे? मला सकाळपासून सगळे समजावून राहिले, पण नीट कळलं नाही."

त्याने माझ्याकडे पाहिले. थट्टा करतेय का, ते बघितले असावे.

"तुम्हाला खरंच ऐकायचंय?"

"हो."

आणि मग तो बोलू लागला. मी मधे एकदाही तोंड उघडले नाही. तो पत्ता आता छापत नाहीत. जुन्या पत्त्यांच्या सामन्यात तो पाचव्या डावात पडला तर समोरचा बांधला जातो, त्याला पुढे काही करताच येत नाही. त्याच्या गड्डीत सगळे होते, फक्त हा एक नव्हता. दोन वर्षे शोधत होता. नागपूरच्या एकाने मोडक्या कोपऱ्याचा देऊ केला, तो त्याने घेतला नाही. मग कळले की अमरावतीत एका पोट्ट्याकडे आहे आणि तिथे त्याला बंदी आहे.

"बंदी! म्हणजे त्याच्या कामाचाच नाही. मी म्हटलं, स्वस्तात देईल. कायचा देते बाप्पा! थो बी पक्का वऱ्हाडी. म्हणे, 'भाऊ, अमरावतीत याची किंमत शून्य हाय, पण घेणारा तं अकोल्याचा हाय ना!' तीन आठवडे घासाघीस केली. वीस सांगितले, मी पंधरा म्हटलं. शेवटी अठरावर सौदा पटला. मी नोटा मोजून ठेवल्या, डबी हातात घेणार तेवढ्यात तुमचे फौजदार…"

तो थांबला. हातातला चहा खाली ठेवला.

"म्हणजे मी सांगूनच टाकलं की."

"हो," मी म्हणाले.

 टपरीवाल्याने रेडिओ लावला होता, त्यावर बाजारभाव सांगत होते.

"मॅडम, हे मी तुम्हाला बोललो. पण लिहून सही करणार नाही. माफ करा. त्या पोट्ट्याचं काय, जास्तीत जास्त पत्ते जातील, दंड होईल. लहान आहे, अजून आयुष्य पडलंय. माझी नोकरी जाईल."

"त्याचीही जाईल," मी म्हणाले.

"त्याची कोणती नोकरी?"

"पोलीस भरतीत निवड झाली आहे त्याची. तुमच्याच जिल्ह्यात. शेरा मला लिहायचा आहे. आज संध्याकाळपर्यंत."

"लागला?" तो एकदम मोठ्याने म्हणाला. टपरीवरची माणसे वळून बघू लागली. "पोलिसात लागला थो? अन् मले सांगितलं बी नाई लेकाच्यानं! मी म्हटलं ट्रंक घ्यायची म्हणते, कुठं तरी कंपनीत चालला असन…" त्याने कपाळाला हात लावला. "म्हणून माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हटलं, तर माझ्याकडे बघून गप्प बसला. एका शब्दानं बोलला नाही की पैसे या माणसाचे आहेत."

 

त्याने चहाचे पैसे दिले, आत जाऊन अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि बाहेर आला. "चला. गाडी कोणती आहे आता?"

एसटीत तो खिडकीशी बसून पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, "मॅडम, विकत घेणं गुन्हा नाही ना?" मी प्रत्येक वेळी सांगितले, "नाही." मूर्तिजापूर गेल्यावर त्याने विचारायचे थांबवले आणि बायकोला फोन लावला. पलीकडून काय बोलणे झाले ते मला ऐकू आले नाही, पण फोन ठेवताना तो म्हणाला, "नाही नाही, रक्त नाही देत. पत्ते. हो, पत्ते. घरी आल्यावर सांगतो."

ठाण्यात त्याने बयाण दिले. मोबाईल उघडून तीन आठवड्यांचे बोलणे ठाणेदारांपुढे ठेवले. त्याने काही पुसले नव्हते. पत्त्याचा फोटो होता, कोपऱ्यांचे जवळून काढलेले फोटो होते, भाव होता, रविवारी कुठे भेटायचे ते होते. ठाणेदार वाचत गेले आणि हसू दाबताना त्यांचे पोट हलू लागले.

"एवढी घासाघीस तर माझ्या बापानं म्हैस घेताना केली नव्हती," ते म्हणाले. मग फोन परत करून विचारले, "अन् रविवारी काहून नाई सांगितलं हे?"

"घाबरलो, साहेब."

"आम्ही काय खातो का माणसं?"

 

दर्यापूरच्या पोराला बोलावले. त्याचे म्हणणे आधीच घेतले होते, ते अकोल्याच्या बयाणाशी जुळले. ठाणेदारांनी फौजदारांना विचारले, "तुमचं काय म्हणणं?" फौजदारांनी सरळ सांगितले, "जुगार नव्हता, साहेब. मी पैसे बघून घाई केली." हुशार अधिकारी होते ते. पुढे चांगले नाव काढले त्यांनी. डायरीला नोंद झाली, चौकशीत जुगार आढळला नाही, माल ज्याचा त्याला पावतीवर परत.

नोटा अकोल्याच्या गृहस्थाला मिळाल्या, डबी पोराला. दोघे माझ्या टेबलापाशीच उभे होते. त्या माणसाने नोटा परत पोरापुढे धरल्या. पोराने डबी त्याच्या हातात दिली.

"सांगायचं ना बावा, पोलिसात लागलो म्हणून," अकोल्याचा गृहस्थ म्हणाला.

"सांगतलं असतं तं तुमी भाव वाढवला नसता, भाऊ. म्हटले असते, आता तुले पगार हाय."

तो माणूस हसता हसता रडायला लागला. बाप दाराशी उभा होता. त्याने काही न बोलता पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याला बाहेर घेऊन गेला.

मी पडताळणीचा कागद पुढे ओढला. 'गुन्हा नोंद नाही' हे तीन शब्द मी नोकरीत हजारदा लिहिले असतील. त्या दिवशी ते लिहून झाल्यावर मी पेन ठेवले आणि खुर्चीला पाठ टेकून बसून राहिले. दोन दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणी उचलून नेल्यासारखे वाटत होते.

खालच्या काकूंना मी स्वतः जाऊन सगळे समजावले. त्या म्हणाल्या, "म्हणजे पैसे नाई लावत? मंग येवढं वरडायले काय होते त्याईले?" क्लासवाल्या सरांनी रविवारी आवाज कमी ठेवायचे कबूल केले. किती कमी झाला, माहीत नाही. काकूंचा फोन मात्र पुन्हा आला नाही.

काही आठवड्यांनी ठाण्याच्या फोनवर दर्यापूरहून बाप बोलत होता. "मॅडम, गेला पोट्टा. काल अकोल्याले सोडून आलो. ट्रंक मीच डोक्यावर घेतली, त्याले घेऊ नाई देल्ली." मला खूप काही म्हणावेसे वाटले. 'बरं झालं' एवढेच म्हणता आले.

या प्रकरणाने मला कामाची एक गोष्ट शिकवली. धाडीत आमचा पहिला प्रश्न असतो, पैसे कुणाचे? त्यावर भला माणूसही घाबरून नाही म्हणतो, आणि त्या एका नाहीवर आम्ही पुढचे सगळे रचत जातो. त्या टेबलापाशी तिघांकडून तीन चुका झाल्या. एकाने पैसे नाकारले, एकाने तोंड मिटले आणि मोबाईल पुसला, आणि आम्ही नोटा दिसताच जुगार पाहिला. त्या दोघांना आमची भीती होती आणि आम्हाला घाई, दुसरे काही नाही. नंतरच्या नोकरीत मी कुठेही गेले तरी आधी एवढेच विचारत असे, हे काय आहे, मला सांगा. बहुतेक लोक सांगतात. स्वतःच्या आवडीच्या गोष्टीबद्दल माणसाला फार वेळ खोटे बोलता येत नाही, फक्त ऐकणारे कुणी असले पाहिजे.

खेळ मला अजून येत नाही. पण तो मुलगा आज वर्दीत आहे, आणि कुठल्या तरी दारात उभा राहून लोकांना प्रश्न विचारत असेल. घाबरून गप्प बसलेला माणूस कसा दिसतो, हे त्याला कुणी वेगळे शिकवायची गरज नाही.